हत्यार आहे, पण हाताला बसत नाही

वार्षिक परीक्षा संपल्या की शाळेत निकालपत्रकांची घाई सुरू होते. बहुतेक शाळांत आता हे काम संगणकावर होते, आणि त्या संगणकावर बहुधा एक 'जुने पत्रक' असते. पाच-सात वर्षांपूर्वी कोणा सरांनी ते हौसेने तयार केलेले असते. सरांची बदली झाली, पत्रक मागे राहिले. गुण भरले की बेरीज, टक्केवारी, श्रेणी सारे आपोआप येते. पण हे आत कसे होते ते कोणालाच ठाऊक नसते. मग एखाद्या वर्षी श्रेणीचे नियम बदलतात आणि पंचाईत होते. "त्याला हात लावू नका, चालतंय तेही बंद पडेल," असा सल्ला स्टाफरूममध्ये मिळतो.

जगातल्या मोठमोठ्या संगणक-आज्ञावल्यांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. आज्ञावली म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात प्रोग्राम म्हणतो ती. मीर लेहमन या संगणकशास्त्रज्ञाने १९७४ साली मांडलेला एक नियम असा आहे की, वापरात असलेल्या आज्ञावलीत सतत बदल करावे लागतात, नाही तर ती हळूहळू निरुपयोगी होत जाते. बदल करत गेले की गुंतागुंत वाढते, आणि ती कमी करण्यासाठी मुद्दाम वेगळे कष्ट घ्यावे लागतात, हेही त्यांनीच सांगितले.

हे कष्ट कमी करणारी साधने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तयार झाली आहेत. गंमत अशी की, ती आज्ञावली लिहिणाऱ्या बहुतेकांच्या संगणकावर असतात, फुकटही असतात, आणि तरी पुष्कळ वेळा वापरली जात नाहीत. असे का व्हावे, आणि त्यावर संशोधकांनी काय उपाय शोधले, ते या लेखात पाहू या. शिक्षकांना यात आपल्या कामाचेही काही सापडेल.

उत्तर तेच, मांडणी निराळी

फळ्यावर पुढील उदाहरण लिहा: ७ × १३ + ७ × ८७. सरळ सोडवायला गेलो तर दोन गुणाकार आणि एक बेरीज करावी लागते. पण सामाईक अवयव बाहेर काढला की ७ × (१३ + ८७), म्हणजे ७ × १००, उत्तर ७००. उत्तर बदलले नाही, मांडणी बदलली. मात्र या मांडणीत आकडेमोड सोपी झाली आणि चुकीची शक्यता घटली.

आज्ञावलीच्या बाबतीत नेमके हेच करण्याला 'रिफॅक्टरिंग' म्हणतात. अवयव पाडण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरूनच हे नाव आले. आपण त्याला 'पुनर्रचना' म्हणू. आज्ञावली जे काम करते ते तसेच राहिले पाहिजे, फक्त तिची आतली मांडणी सुधारली पाहिजे, ही पुनर्रचनेची अट.

आपल्या निकालपत्रकाचे उदाहरण घेऊ. समजा, पाचवी ते दहावी अशा सहा इयत्तांसाठी श्रेणी काढण्याच्या त्याच दहा ओळी सहा ठिकाणी लिहिल्या आहेत. नियम बदलला की सहा ठिकाणी दुरुस्ती करायची. पाच ठिकाणी झाली, एका ठिकाणी राहिली, की आठवीच्या मुलांचा निकाल चुकला! त्याऐवजी त्या दहा ओळी एकदाच वेगळ्या लिहून त्यांना 'श्रेणी काढा' असे नाव दिले आणि सहाही ठिकाणी फक्त ते नाव लिहिले, तर पुढची दुरुस्ती एकाच जागी करावी लागेल. या प्रकाराला आपण 'भाग वेगळा काढणे' म्हणू. पुनर्रचनेचे असे अनेक प्रकार आहेत. नाव बदलणे, भाग वेगळा काढणे, एका जागचा भाग दुसऱ्या जागी हलवणे हे त्यांतले नेहमीचे.

'शोधा आणि बदला' का पुरत नाही?

तुम्ही म्हणाल, यात साधन कशाला हवे? नाव बदलायचे तर 'शोधा आणि बदला' ही सोय आहेच की! करून पाहू. निकालपत्रकाच्या आज्ञावलीत 'गुण' हा शब्द काढून 'मार्क' हा शब्द घालायचा आहे. यंत्राला सांगितले आणि क्षणात काम झाले. पण आता 'गुणाकार'चा 'मार्काकार' झाला, 'गुणोत्तर'चे 'मार्कोत्तर' झाले, आणि शेऱ्यातल्या 'सद्गुणी विद्यार्थी'चेही काही तरी विचित्र झाले.

पूर्ण शब्दच बदल, असे सांगितले तरी अडचण संपत नाही. 'नावेत बसलेल्या माणसाचे नाव काय?' या वाक्यात 'नाव' हा शब्द दोनदा येतो, पण दोन वेगळ्या वस्तूंसाठी. आपल्याला हे वाक्याच्या रचनेवरून आणि अर्थावरून कळते. आज्ञावलीतही 'नाव' हा शब्द एका जागी विद्यार्थ्याचे नाव असतो, तर दुसऱ्या जागी शाळेचे. अक्षरे तीच, वस्तू निराळ्या.

म्हणून पुनर्रचनेचे साधन अक्षरे पाहत नाही. आपण मराठीच्या तासाला वाक्याचे पृथक्करण करतो, कर्ता कोणता, कर्म कोणते, क्रियापद कोणते, तसे ते साऱ्या आज्ञावलीचे पृथक्करण करते आणि एक झाडासारखी आकृती मनात धरते. कोणते नाव कोणत्या वस्तूकडे बोट दाखवते, याची नोंद ठेवते. मग बदल करण्यापूर्वी काही अटी तपासते. नवे नाव आधीच दुसऱ्या कशाला दिलेले नाही ना? वेगळा काढलेला भाग मूळ जागेवरच्या कशावर अवलंबून नाही ना? अटी पुऱ्या झाल्या तरच ते बदल करते, नाही तर नकार देते.

या अटींचा पद्धतशीर विचार प्रथम अमेरिकेतील दोन प्रबंधांत झाला. विल्यम ग्रिसवोल्ड यांचा प्रबंध वॉशिंग्टन विद्यापीठातला, १९९१ सालचा. विल्यम ऑपडाइक यांचा इलिनॉय विद्यापीठातला, १९९२ सालचा. पुढे १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांचे या विषयावरील पुस्तक निघाले आणि 'रिफॅक्टरिंग' हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला.

करणाऱ्यांनीच न वापरलेले साधन

प्रत्यक्ष कामाचे पहिले प्रसिद्ध साधन इलिनॉय विद्यापीठातच तयार झाले. जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी ते स्मॉलटॉक या संगणक-भाषेसाठी केले. साधन अचूक होते, वेगवान होते. पण पहिल्या रूपात ते स्वतंत्र होते, म्हणजे लिहिण्याची खिडकी वेगळी आणि पुनर्रचनेची वेगळी. परिणाम असा झाला की, ते फारसे कोणी वापरेना. इतरांचे सोडाच, ते तयार करणारे स्वतःही वापरत नव्हते! ही कबुली त्यांनीच पुढे फाउलर यांच्या पुस्तकातील आपल्या प्रकरणात दिली आहे. मग त्यांनी तेच साधन लिहिण्याच्या खिडकीतच बसवले आणि ते वापरात आले.

येथे अचूकतेत काहीच फरक पडलेला नव्हता. फरक पडला तो जागेत. सुताराला दर खिळ्यासाठी हातोडी आणायला माडीवर जावे लागले, तर तो हाताशी असलेल्या पान्यानेच खिळा ठोकेल. त्यात त्याचा आळस नसतो. हातातले काम तुटू नये, एवढेच त्याला हवे असते.

२००१ नंतर इंटेलिजे आयडिया, एक्लिप्स यांसारख्या लेखन-साधनांत पुनर्रचनेची यादी आयतीच येऊ लागली. आता तरी प्रश्न सुटायला हवा होता. पण तो पूर्ण सुटला नाही. का सुटला नाही, हे मला एका प्रसंगाने शिकवले.

आमच्या प्रयोगशाळेतली गोष्ट

मी पर्जन्यमानाच्या जुन्या नोंदींवर काम करते. जुन्या नोंदवह्यांत एखाद्या दिवशीचे माप नसेल, तर संगणकात त्या जागी मुद्दाम एक अशक्य संख्या भरलेली असते. कुठे −९९९, तर कुठे −९९.९. सरासरी काढण्यापूर्वी अशा नोंदी गाळाव्या लागतात. आमच्या आज्ञावलीत हे गाळण्याचे काम तीन ठिकाणी, त्याच त्या ओळींत लिहिलेले होते. −९९.९ ची भानगड उशिरा लक्षात आली. माझ्याकडच्या संशोधक विद्यार्थ्याने दोन ठिकाणी दुरुस्ती केली, तिसरी जागा राहिली.

चूक मोठी असती तर लगेच दिसली असती. पण दहा हजार नोंदींत अशा वीस नोंदी राहून गेल्या, तर सरासरी सुमारे ०.२ मिलिमीटरने उतरते. (विद्यार्थ्यांना हा हिशोब जरूर करायला सांगा.) एवढ्या फरकाने कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. तीन आठवड्यांची आकडेमोड झाली, एका परिषदेला गोषवाराही गेला, आणि मग पडताळणीत चूक सापडली. गोषवारा मागे घ्यावा लागला.

मी चिडले होते. चारचौघांत त्याला म्हणाले, "अरे, तेच तेच तीन ठिकाणी लिहायचं कशाला? भाग वेगळा काढायची सोय आहे ना? एक कळ दाबायची तर काम!"

तो जरा वेळाने म्हणाला, "मॅडम, मी केलं होतं तसं. दोनदा. ते नाही म्हणतं, आणि का नाही ते सांगत नाही."

मला ते खरे वाटले नाही. म्हणून मी स्वतः त्याच्या खुर्चीत बसले. ओळी निवडल्या, आज्ञा दिली. पडद्यावर चौकट आली: निवडलेल्या भागावर ही क्रिया करता येत नाही. बस्स, एवढेच. खाली 'ठीक आहे' असे बटण. काहीही ठीक नव्हते!

बारकाईने पाहिल्यावर कळले की, माउसने ओळी निवडताना शेवटचा कंस बाहेर राहिला होता. वाक्य अर्धवट निवडले गेले होते. तो कंस आत घेतला, पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तीच चौकट, तेच शब्द. या वेळी कारण मात्र निराळे होते. निवडलेल्या ओळींत 'ही नोंद सोड आणि पुढच्या नोंदीकडे जा' अशी एक आज्ञा होती. ती आज्ञा एका फेरीच्या आत होती, आणि ती फेरी निवडलेल्या भागाच्या बाहेर होती. 'या रांगेतल्या पुढच्या मुलाकडे जा' हे वाक्य रांगेजवळ उभ्या माणसाला कळते. तीच चिठ्ठी दुसऱ्या खोलीतल्या माणसाला दिली तर तो विचारील, कोणती रांग? साधनाची शंका अगदी रास्त होती. पण ती त्याने आम्हाला सांगितली नाही.

कारण कळल्यावर उपाय पाच मिनिटांचा होता. 'सोडून पुढे जा' ही आज्ञा फेरीतच ठेवायची, आणि 'ही नोंद ग्राह्य आहे का?' एवढा प्रश्नच वेगळा काढायचा, ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे मिळेल. तीन ठिकाणचा मजकूर एका जागी आला. मला मात्र हे शोधायला पाऊण तास लागला होता, आणि मी वीस वर्षे आज्ञावल्या लिहीत आले आहे. दोनदा नकार मिळाल्यावर त्या मुलाने हाताने काम केले, यात त्याचे काय चुकले? सर्वांसमोर बोलले होते, म्हणून माझा राग चुकीच्या जागी निघाला हेही दुसऱ्या दिवशी सर्वांसमोरच सांगितले.

अकरा जणांचे निरीक्षण

हा केवळ आमचा अनुभव नव्हे, हे नंतर वाचनात आले. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील इमर्सन मर्फी-हिल आणि अँड्र्यू ब्लॅक यांनी २००८ साली एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अकरा जणांना एक्लिप्समध्ये 'भाग वेगळा काढण्या'चे काम करताना शेजारी बसून पाहिले. अकरापैकी नऊ जणांना निदान एकदा तरी नकाराला तोंड द्यावे लागले. अडचणी मुख्यतः दोन होत्या. एक, हवा तो भाग नेमका निवडता न येणे. दोन, नकाराचे कारण न समजणे. कारण काहीही असो, लोक पुष्कळदा ते निवडीतलीच चूक समजून पुन्हा पुन्हा निवड करत राहत.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, त्यांनी क्रिस पार्निन यांच्यासह आणखी नोंदी तपासल्या. त्यांत आढळले की, पुनर्रचनेची जवळजवळ ९० टक्के कामे लोक साधन हाताशी असूनही हातानेच करतात. शिवाय साधन जी नाना पर्यायांची चौकट समोर धरते, तिच्यातले पर्याय सुमारे ९० टक्के वेळा कोणी बदलतही नाही. म्हणजे ज्या चौकटीपायी माणसाचे काम अडते, ती बहुतेक वेळा निरर्थकच असते.

केर काढणे आणि दिवाळीची साफसफाई

या संशोधकांनी एक चांगला भेद दाखवला. पुनर्रचना दोन तऱ्हांनी होते. त्यांनी उपमा दातांची दिली आहे: रोज दात स्वच्छ ठेवणे आणि दाढ किडल्यावर मुळापर्यंत उपचार करणे. आपण घराची उपमा घेऊ. रोज येता-जाता केर काढणे वेगळे आणि दिवाळीपूर्वी सारे सामान अंगणात काढून केलेली साफसफाई वेगळी.

आज्ञावली लिहिणारे बहुतेक वेळा पहिल्या तऱ्हेने काम करतात. काही नवे लिहिता लिहिता एखादे नाव खटकते, ते बदलतात आणि पुढे जातात. पण पुष्कळ साधनांची रचना दिवाळीच्या साफसफाईला योग्य अशी असते. मोठी चौकट उघडते, चार प्रश्न विचारते, सर्व बदलांची यादी दाखवते आणि मगच काम करते. केर काढायला केरसुणी हवी, तिथे हे साधन नगरपालिकेचा ट्रक आणून उभा करते!

साधन हाताला कसे बसवायचे?

या अभ्यासातून आणि नंतरच्या कामातून सुधारणेच्या काही वाटा पुढे आल्या.

पहिली वाट निवड सोपी करण्याची. मर्फी-हिल आणि ब्लॅक यांनी असे साधन केले की, आज्ञेच्या सुरुवातीला खूण नेली की ती पूर्ण आज्ञा जेथे संपते तेथपर्यंतचा मजकूर हिरवा दिसतो. दुसऱ्या एका प्रकारात मजकुराशेजारी एकात एक अशा चौकटी दिसतात, दर चौकट म्हणजे एक आज्ञा. चौकट निवडायची, अक्षरे नव्हे. मग कंस बाहेर राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी वाट नकाराचे कारण दाखवण्याची. येथे त्यांनी शब्दांऐवजी चित्र वापरले. वेगळ्या काढायच्या भागात कोणती माहिती वरून आत येते आणि कोणती खालून बाहेर जाते, ते रंगीत बाणांनी मजकुरावरच काढून दाखवले. जिथे अडचण आहे त्या जागी फुली. समजा, बाहेर एकच मूल्य जाऊ शकते आणि बाण मात्र दोन निघाले आहेत, तर अडचण कोठे आहे हे पाहताक्षणी कळते. अशी चित्रे असताना लोकांनी नकाराची कारणे अधिक अचूक आणि लवकर ओळखली.

तिसरी वाट अर्धे काम ओळखून पुरे करण्याची. माणसाला पुष्कळदा उशिरा लक्षात येते की, आपण करतो आहोत ती पुनर्रचनाच आहे. तोवर तो हाताने अर्धे काम करून बसलेला असतो. २०१२ साली अमेरिकेतील दोन निरनिराळ्या संशोधक-गटांनी असे साधन दाखवले की, जे त्याच्या हालचालींवरून हे ओळखते आणि 'उरलेले मी करू का?' असे विचारते. त्यांतल्या एका गटात १९९१ सालच्या प्रबंधाचे ग्रिसवोल्डच होते. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी अचूकतेचा प्रश्न सोडवला, तेच आता वापराच्या प्रश्नाकडे वळले होते.

चौथी वाट नावांची अडचण टाळण्याची. यादीतल्या क्रियांची नावे अनेकांना ठाऊक नसतात. इलिनॉयच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलेल्या साधनात मजकूर माउसने उचलून हव्या त्या जागी नेऊन सोडायचा. कोठून उचलला आणि कोठे सोडला यावरून कोणती क्रिया हवी आहे ते साधनच ठरवते. क्रियेचे नाव पाठ असण्याची गरज नाही.

पाचवी वाट पायऱ्या उघड्या ठेवण्याची. २०२१ साली आना मारिया आयलर्टसेन आणि गेल मर्फी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक तक्रार ठळकपणे दिसते. साधन नेमके काय करणार आहे याचा आधी अंदाज येत नाही, म्हणून माणूस बिचकतो. यावर उपाय म्हणजे एकदम सारे करून टाकण्याऐवजी काम टप्प्याटप्प्याने पुढे न्यायचे आणि माणसाला मध्ये थांबता यावे, पाहता यावे. गणितात नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आपण 'रीत दाखव' म्हणतो, तसेच हे.

आज यांतल्या काही गोष्टी नेहमीच्या लेखन-साधनांत दिसू लागल्या आहेत. नाव बदलताना आता पुष्कळ ठिकाणी चौकट उघडत नाही. शब्दावरच नवे नाव टाइप करायचे, की सर्व जागा बदलतात. शिवाय २०१६ साली लेखन-साधन आणि भाषेचे ज्ञान असलेली आज्ञावली यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचा एक सामाईक संकेत मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने जाहीर झाला. त्यामुळे एका भाषेसाठी एकदा केलेली सोय अनेक लेखन-साधनांत वापरता येते. नकाराचे कारण नीट सांगण्याच्या बाबतीत मात्र अजून पुष्कळ काम बाकी आहे.

विश्वासाचा प्रश्न

साधन वापरायला सोपे झाले म्हणजे ते डोळे मिटून वापरावे, असा अर्थ नाही. २००७ साली इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी संगणकाकडून हजारो लहान लहान आज्ञावल्या तयार करवून घेतल्या आणि त्या त्या काळच्या दोन प्रसिद्ध साधनांतून फिरवल्या. दोन्हींत मिळून चाळीसहून अधिक नवे दोष सापडले. अटी तपासणारे साधनही माणसानेच लिहिलेले असते, आणि माणूस एखादी अट विसरू शकतो.

आता तर आपल्या भाषेत सांगितले की आज्ञावली नव्याने लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. त्यांच्याशी बोलणे फार सोपे आहे, कारणही ती लांबलचक सांगतात. पण येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. जुने साधन अटी तपासून बदल करते आणि शंका आली तर नकार देते. नवे साधन संभाव्य वाटणारा मजकूर लिहिते, आणि काम तेच राहील अशी हमी त्या लिहिण्यात आपोआप येत नाही. एक तोंडाने फटकळ पण हिशोबाला चोख असा कारकून, तर दुसरा गोड बोलणारा पण अधूनमधून विसरणारा. दोघांचेही काम तपासूनच घ्यायला हवे. तपासण्याची रीत साधी आहे. बदलापूर्वी ज्यांची उत्तरे ठाऊक आहेत अशी दहा-वीस उदाहरणे जवळ ठेवायची आणि बदलानंतर तीच पुन्हा सोडवून पाहायची. आमच्या प्रयोगशाळेत आता −९९.९ असलेली एक छोटी नोंदवही कायम या कामासाठी ठेवलेली आहे.

वर्गात करून पाहा

या विषयासाठी संगणकच हवा असे नाही. मुलांना पुढील प्रयोग द्या. तीन पदार्थांच्या कृती कागदावर लिहून द्या: कांदेपोहे, उपमा आणि साबुदाण्याची खिचडी. प्रत्येकीत फोडणीच्या ओळी पूर्ण लिहा. मुलांना सांगा, सामाईक भाग वेगळा काढून त्याला नाव द्या, पण पदार्थ तेच राहिले पाहिजेत. थोड्याच वेळात कोणी तरी हरकत घेईल, की खिचडीच्या फोडणीत मोहरी नसते, उपम्याच्या फोडणीत डाळ असते. म्हणजे 'फोडणी' हा भाग जसाच्या तसा निघत नाही, त्याला 'कशाची फोडणी' हे बाहेरून सांगावे लागते. अट तपासणे म्हणजे काय, हे मुलांना येथे कळते.

मग वर्गाचे दोन गट करा. एका गटाने भाग काढायचा, दुसऱ्याने तपासायचा. पहिल्या फेरीत तपासणाऱ्या गटाने फक्त 'चालणार नाही' एवढेच म्हणायचे. दुसऱ्या फेरीत अडचणीच्या जागेवर फुली करून बाणाने कारण दाखवायचे. दोन्ही फेऱ्यांना लागलेला वेळ फळ्यावर लिहा. पहिल्या फेरीत किती मुलांनी मध्येच नाद सोडला, तेही मोजा.

हा शेवटचा आकडा आपल्यासाठी आहे. तपासलेल्या वहीत लाल शाईने नुसते 'चूक' असे लिहिलेले किती वेळा असते! मूल पुन्हा तेच गणित तसेच करते, पुन्हा 'चूक' मिळते, आणि तिसऱ्यांदा ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते. आपण म्हणतो, मुलगा आळशी आहे. साधन करणारेही आधी वापरणाऱ्यांबद्दल असेच म्हणत. मग कोणी तरी शेजारी बसून पाहिले, आणि दिसले की मुलगा कंस विसरला होता, पण कोणता कंस ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते.